आंघोळीनंतर तिसऱ्या रात्री खाज परत: अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यासाठी शॅम्पू निवडताना

रविवारी सकाळी आंघोळ. सोमवारी कुत्री गाढ झोपलेली. मंगळवारी रात्री दोन वाजता पट्ट्याचं घुंगरू वाजायला लागतं. मागच्या पायाने मान खाजवण्याची ती ठरलेली लय, मध्येच थांबून पंजा चाटल्याचा चपचप आवाज, आणि घरातले सगळे अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेले. आमच्या घरी हे तीन वर्षं चाललं.

चिंगी आमची लॅब्रेडॉर, आता सहा वर्षांची. तिसरं वर्ष लागलं त्या पावसाळ्यात ती पंजे चाटायला लागली, मग काखा लाल झाल्या, मग कानात मळ. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी सांगितली. या तीन वर्षांत बाथरूमच्या खिडकीत एकदा मी सात बाटल्या मोजल्या. प्रत्येकीवर ‘सौम्य’, बहुतेकींवर हिरवं पान, एकीवर हसणारं पिल्लू. खाज परतली की आम्ही म्हणायचो, हा शॅम्पू तिला मानवत नाही, दुसरा बघू. शॅम्पू बदलणं हाच आमचा उपचार होऊन बसला होता.

मग एका डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, “आंघोळीनंतर खाज किती तासांनी परत येते?” मला सांगता येईना. “रात्री” एवढंच मी म्हणाले. त्यांनी महिनाभर कॅलेंडरवर लिहायला लावलं: आंघोळ कधी, खाज कधी, अंगावर कुठे, वास कसा. त्या नोंदींनी सात बाटल्यांपेक्षा जास्त काम केलं. म्हणून ‘कुठला शॅम्पू घेऊ’ विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी वेळ विचारते.

आधी वेळ बघा

आंघोळीनंतर त्याच दिवशी, काही तासांत खाज सुरू झाली किंवा वाढली, तर संशय आंघोळीवरच घ्या. शॅम्पूतलं काहीतरी झोंबतंय, किंवा तो नीट धुतला गेला नाही, किंवा पाणी गरम होतं, किंवा टॉवेलने खसाखसा पुसलं. लाली बहुधा पोटाला, जांघेत, काखेत दिसते, कारण तिथे केस विरळ असतात आणि फेसही तिथेच साचून राहतो.

एक-दोन दिवस छान गेले आणि मग खाज परतली, तर शॅम्पूचा दोष नाही. उलट त्याने काम केलं. अंगावरचे परागकण, धूळ धुतली गेली, त्वचा थंडावली, आणि दोन दिवसांनी सगळं पुन्हा अंगावर येऊन बसलं. अशा वेळी बाटली बदलून काही होत नाही. अ‍ॅलर्जी शॅम्पूने जात नाही, ती आवाक्यात राहते. हे पचवायला आम्हाला फार वेळ लागला.

खाजेसोबत वास परतत असेल, म्हणजे आंबूस, तेलकट, जुन्या मोज्यांसारखा, तर त्वचेवर बहुधा यीस्ट वाढलंय. मॅलेसेझिया नावाची ही बुरशी निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडीफार असते. अ‍ॅलर्जीने त्वचा बिघडली की ती माजते. बारीक पुवाचे फोड आणि कडेने सोलत जाणाऱ्या गोल चकत्या दिसल्या तर ते जिवाणूंचं काम. या दोन्हींना साधा सौम्य शॅम्पू पुरत नाही, औषधी लागतो, आणि कुठला ते ठरवायला डॉक्टर चिकटपट्टी त्वचेवर दाबून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पाच-दहा मिनिटांची तपासणी आहे. ती न करता दिलेली औषधी बाटली म्हणजे अंधारात मारलेला दगड.

आणि खाज कधी थांबतच नसेल, त्यातही कमरेच्या मागे, शेपटीच्या मुळाशी असेल, तर आधी पिसवा. “आमच्याकडे पिसवा नाहीत” असं मीही छातीठोकपणे म्हणायचे. पिसवांची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात, आणि ते अंग चावत-चाटत असल्याने पिसवा गिळूनही टाकतं. मग दिसणार कुठून? ओला पांढरा कागद खाली ठेवून शेपटीच्या वर फणी फिरवा. काळे कण पडतील. ते ओल्या कागदावर विरघळून तांबूस झाले तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आमच्या कागदावर तांबूस ठिपके उमटले तेव्हा मी गप्प बसले.

कुत्र्यासोबत घरातल्या माणसांच्याही पोटावर, हातांवर खाजरे पुरळ उठले असतील तर शॅम्पूचा विचार बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तो खरजेचा किडा असू शकतो.

माणसाला चालतं ते हिला का नको?

हा सासूबाईंचा प्रश्न. “अगं, मी चाळीस वर्षं ज्या साबणाने अंग धुतेय तो हिला का चालू नये?” प्रश्न चुकीचा नाही. कुत्र्याच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो. आपल्याकडे पेशींचे दहा-पंधरा थर, त्यांच्याकडे तीन ते पाच. संरक्षण केसांवर सोपवलेलं असतं. अ‍ॅलर्जीच्या कुत्र्यात तर पेशींमधला तेलकट गिलावाही कच्चा असतो. भिंतीतला सिमेंट झडला की ओल आत शिरते, तसे धुळीतले आणि परागांतले घटक आत शिरतात आणि अ‍ॅलर्जी आणखी भडकते. कडक साबण उरलासुरला गिलावाही काढून टाकतो. आंघोळीनंतर कुत्रा चकाचक दिसतो तो म्हणूनच. कोरडा पडलेला असतो.

दुकानात मात्र सगळा भर पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर. आपली त्वचा आम्लधर्मी, साधारण साडेपाचच्या आसपास. कुत्र्याची उदासीन, सातच्या जवळपास. वडीचा साबण नऊ-दहाकडे जातो, त्यामुळे तो नकोच, मग त्यावर कुत्र्याचं चित्र असलं तरीही. पण एखादा शॅम्पू साडेसहा की सात यावरून डोकं फोडू नका. त्यात फेस करणारा घटक कुठला आणि तुम्ही तो किती नीट धुता, याने जास्त फरक पडतो. माणसांचा कोंड्याचा शॅम्पू नको म्हणायचं कारणही पीएच नव्हे. त्यातलं औषध आणि सुगंध हे खरं कारण. लहान बाळाचा शॅम्पू अडीअडचणीला एकदा वापरला तर काही बिघडत नाही, पण नेहमीसाठी तो काही कुत्र्याच्या त्वचेचा विचार करून केलेला नसतो, आणि बाळाच्या शॅम्पूला सुगंध फार असतो.

लेबलवर काय वाचायचं

पुढची बाजू वाचूच नका. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ हा शब्द म्हणजे कुठल्या परीक्षेत पास झाल्याचा शिक्का नव्हे. ‘आयुर्वेदिक’, ‘नैसर्गिक’ हेही तसंच. बाटली उलटी करा. घटकांची यादी छापलेलीच नसेल तर परत फडताळात ठेवा, कितीही स्वस्त असो. मी आता हा नियम मोडत नाही.

यादीत पाण्यानंतर लगेच येतो तो फेस करणारा घटक. सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर अ‍ॅलर्जीच्या कुत्र्याला नको. त्याचा चुलतभाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट थोडा मवाळ, पण पर्याय असताना तोही टाळा. कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन ही नावं दिसली तर बाटली पुढे वाचण्यालायक. यांचा फेस कमी होतो. नवरा पहिल्यांदा म्हणाला, “हा फसवा आहे, फेसच येत नाही,” आणि दुप्पट ओतला. फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध नाही. फेस आपल्या समाधानासाठी असतो.

मग सुगंध. कुत्र्याला लॅव्हेंडरचा वास यावा ही आपली हौस, त्याची नव्हे. अ‍ॅलर्जी असेल तर बिनवासाचा घ्या. रंगही नको, पारदर्शक किंवा पांढरट असावा. टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनांमध्ये मिथाइलआयसोथायझोलिनोन हे लांबलचक नाव माणसांतही त्वचेची अ‍ॅलर्जी उठवण्यासाठी बदनाम आहे. शक्य असेल तर टाळा. पण ‘प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही’ असं मिरवणारी पातळ शॅम्पूची बाटली मला त्याहून जास्त भीती घालते. ती दमट बाथरूममध्ये चार महिने उभी राहणार असते. का, ते शेवटी सांगते.

चांगल्या बाजूला ओट्स. कोलॉइडल ओटमील म्हणजे अगदी बारीक दळलेले ओट्स, ते पाण्यात तरंगत राहतात आणि त्यातल्या घटकांनी खाज खरोखर शमते, एखाद-दोन दिवस. ग्लिसरीन ओलावा धरतं. सिरॅमाइड किंवा फायटोस्फिंगोसिन लिहिलेलं असेल तर तो वर सांगितलेला गिलावा भरून काढायचा प्रयत्न आहे. अशा बाटल्या महाग असतात, पण औषधी शॅम्पूने त्वचा कोरडी पडल्यावर आम्हाला उपयोग झाला.

नावं विचाराल तर मी देत नाही. एकाच कंपनीच्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन बाटल्यांतली एक साधी, दुसरी गोचिडांची आणि तिसरी बुरशीची असते, आणि दुकानदार “हेच ना?” म्हणत भलतीच हातात देतो. घटक लक्षात ठेवा.

गोचिडांच्या शॅम्पूचं वेगळं सांगते, कारण महाराष्ट्रात गोचीड दिसली की पहिला हात तिकडेच जातो. त्यात सायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं. लाल झालेल्या, सोललेल्या त्वचेवर ते नको. घरात मांजर असेल तर मुळीच नको. परमेथ्रिन मांजरांना विषासारखं आहे, आणि ओल्या कुत्र्याच्या अंगाला अंग घासलं तरी पुरतं. गोचीड, पिसवा यांचं काम औषधी थेंबांवर किंवा गोळीवर सोपवा आणि शॅम्पूकडून फक्त आंघोळीचं काम घ्या.

औषधी शॅम्पू लागलाच तर

बहुतेक वेळा क्लोरहेक्सिडिन दोन ते चार टक्के मिळतं, जिवाणूंसाठी. यीस्ट असेल तर सोबत मायकोनॅझोल किंवा केटोकोनॅझोल. बेंझॉइल पेरॉक्साइड फार तेलकट त्वचेला चांगलं, पण ते प्रचंड कोरडं पाडतं आणि टॉवेलांचे रंग उडवतं. आमचा निळा टॉवेल आता ढगाळ आभाळासारखा दिसतो. डांबरयुक्त म्हणजे कोल टार असलेला शॅम्पू सौम्य या सदरात बसत नाही, तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणूच नका.

आमची मोठी चूक इथे होती. क्लोरहेक्सिडिनचा चांगला शॅम्पू आणला होता, पण चिंगी चिखलात लोळलेली असायची म्हणून आधी साबणाने धुवायचे, वरवर पाणी मारायचे आणि मग औषधी शॅम्पू. क्लोरहेक्सिडिन धन भाराचं, साबणाचे आणि सल्फेटचे रेणू ऋण भाराचे. दोघं एकमेकांना धरून बसतात आणि औषध निष्प्रभ होतं. महागाचं औषध आम्ही स्वहस्ते साबणात बुडवत होतो. आधी धुवायचंच असेल तर सौम्य शॅम्पूने धुवा आणि तो पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला, मगच औषधी.

दुसरी चूक वेळेची. औषधी शॅम्पू त्वचेवर दहा मिनिटं राहायला हवा. आम्हाला वाटायचं, राहतो की! एकदा मोबाइलवर मोजलं तर अडीच मिनिटं झाली होती आणि चिंगी दाराशी पोचली होती. आता सगळ्यात खराब जागांपासून सुरुवात करते, पंजे, काखा, जांघा, मग पाठ, म्हणजे त्यांना वेळ जास्त मिळतो. नवरा बाथरूमच्या फरशीवर चिमूटभर पीनट बटर चोपडतो, ती चाटत बसते. पीनट बटरमध्ये झायलिटॉल नाही ना हे बघून घ्या, ते कुत्र्यांना विषारी. क्लोरहेक्सिडिन डोळ्यांत जाऊ देऊ नका, कानाच्या आत तर नाहीच. चेहरा ओल्या कापडाने पुसा.

सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे, मग कमी कमी करत न्यायचं, असा साधारण क्रम असतो. नेमकं डॉक्टर सांगतील. दोन आंघोळींनंतर “फरक नाही” म्हणून बाटली बदलू नका. त्वचेला वरचा थर नवा करायलाच तीन आठवड्यांच्या आसपास लागतात.

पाणी

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलते. आम्ही पुण्याच्या पूर्वेला राहतो. मार्च लागला की सोसायटीत टँकर, आणि टँकरमध्ये बोअरचं पाणी. नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, बादलीच्या आत कडं उमटतं. महिन्यानंतरही कॅलेंडरवर लिहीत राहिल्यावर कळलं की चिंगीची ‘त्याच दिवशीची खाज’ उन्हाळ्यातच होती. पावसाळ्यातली खाज वेगळी, दोन दिवसांनी येणारी, वासाची. आम्ही दोन आजारांना एक समजत होतो.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. वडीच्या साबणाशी त्यांची गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. बादलीला चिकटतो तोच केसांच्या मुळाशी बसतो आणि कितीही तांबे ओता, निघत नाही. ग्लुकोसाइड, बीटेन वगैरेंच्या शॅम्पूचा असा साका होत नाही. त्यामुळे बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी कुत्र्याचा साबण पहिल्यांदा घराबाहेर काढावा. आमची उन्हाळ्यातली खाज निम्म्याहून जास्त एवढ्यानेच गेली. शेवटच्या दोन बादल्या आता पिण्याच्या नळाच्या पाण्याच्या घेते.

फिल्टरमधून वाया जाणारं पाणी साठवून त्याने कुत्रा धुणारे लोक मला माहीत आहेत, काटकसर म्हणून. फरशी पुसायला वापरा. गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, म्हणजे ते मूळ पाण्याहून जड.

पाणी कोमट असावं, मनगटाला गरम लागू नये. गरम पाण्याने खाज वाढते. शॅम्पू निघालाय की नाही हे फेसावरून ठरवू नका. केस चिमटीत धरून सरकवा, बुळबुळीतपणा पूर्ण जायला हवा. जेवढा वेळ शॅम्पू लावायला लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवायला, असा आमचा अंदाज. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांच्या आतल्या दाट लवेत तो लपून बसतो. मग टॉवेल दाबून पाणी टिपा. पावसाळ्यात लव ओली राहिली तर यीस्टला आमंत्रण, म्हणून पंखा लावा. ड्रायर असेल तर थंड हवेवर.

आंघोळीने पिसवांचं औषध धुऊन निघतं

हे आमच्या घरचं सगळ्यात लाजिरवाणं प्रकरण. महिन्याच्या एक तारखेला मानेवर फिप्रोनिलचे थेंब, आणि त्याच्या वासाने घर भरतं म्हणून दुसऱ्याच दिवशी आंघोळ! हे थेंब त्वचेच्या तेलात पसरून अंगभर जातात. त्यासाठी आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. आम्ही दर महिन्याला पैसे देऊन औषध लावत होतो आणि गटारात सोडत होतो. औषधी शॅम्पूची आठवड्यातून दोनदा आंघोळ चालू असेल तर थेंबांचा भरवसा तसाही कमी. मग गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, तिच्यावर आंघोळीचा परिणाम होत नाही. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा, कारण पिसवांच्या बऱ्याच गोळ्या अशा कुत्र्यांत जपून द्याव्या लागतात.

आणि कुत्र्यावरच्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांचा छोटासा हिस्सा. अंडी, अळ्या, कोष गादीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात. अंथरूण गरम पाण्यात धुणं आणि व्हॅक्यूम हे शॅम्पूइतकंच महत्त्वाचं.

घरगुती उपाय

डेटॉलसारखं जंतुनाशक बादलीत टाकणं बंद करा. जखमेच्या जागी झोंबतं, त्वचा सुकते, आणि कुत्रं नंतर अंग चाटतं. खोबरेल तेलात कापूर ही आजीच्या पेटीतली गोष्ट. कापूर कुत्र्याच्या पोटात जाणं धोक्याचं. टी ट्री ऑइल शुद्ध स्वरूपात लावलं तर कुत्रं लडखडायला लागल्याची उदाहरणं पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. व्हिनेगर सोललेल्या कातडीवर लावून बघा म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्यावर लावावं. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी शेवटी ओतलं तर आमच्या अनुभवात अपाय झाला नाही. सासूबाईंचं समाधान झालं, तेही काही कमी नाही. पण पिसवा त्याने गेल्या नाहीत.

चालतं ते ओट्सचं. साधे ओट्स, मसाला ओट्स नव्हेत, हसू नका, आमच्याकडे तेच पाकीट बाहेर आलं होतं. मिक्सरमध्ये पिठासारखे दळा. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळलं की पाणी दुधाळ व्हावं. तळाशी बसलं तर आणखी दळा. ते कोमट पाण्यात मिसळून अंगावर दहा मिनिटं ओतत राहायचं, मग धुवायचं. लालीची आग शमते. वास येत असलेल्या चिकट त्वचेला मात्र याचा उपयोग नाही.

मेडिकलमधली माणसांची खाजेची ट्यूब लावू नका. त्यात बहुधा जोरकस स्टेरॉइड असतं आणि निम्मी ट्यूब कुत्र्याच्या पोटात जाते.

नवी बाटली आणली की

मांडीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर पातळ करून लावा, पाच मिनिटांनी धुवा, दोन दिवस बघा. काही उठलं नाही तर सगळ्या अंगाला. एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही एकाच आठवड्यात शॅम्पू, खाणं आणि गोळी बदलली होती, आणि बरं वाटल्यावर श्रेय कुणाला द्यायचं यावरून घरात वाद.

खाण्याचा विषय मोठा आहे, इथे एवढंच: खाज बारा महिने सारखी असेल, ऋतू बदलला तरी फरक नसेल, सोबत पोटाच्या तक्रारी असतील तर कुठलाही शॅम्पू आणून उपयोग नाही. आपल्याकडची कुत्री दूध-पोळी आणि चिकन-भातावर वाढतात, आणि दूध, चिकन, गहू हे तिन्ही कुत्र्यांच्या अन्न-अ‍ॅलर्जीत वारंवार सापडणारे घटक आहेत. ठरवून दिलेलं एकच खाणं किमान आठ आठवडे, मध्ये बिस्किटाचा तुकडाही नाही, ही चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची असते. आमच्याकडे ती दोनदा फसली. दोन्ही वेळा चोरून पोळीचा घास देणाऱ्या व्यक्तीचं नाव मी लिहिणार नाही, ती व्यक्ती हे वाचते.

चिंगीला शेवटी काय निघालं? धुळीतल्या कीटकांची आणि गवताची अ‍ॅलर्जी असल्याचं निदान, वर पिसवांची भर. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर कंबरभर गाजरगवत माजतं. या तणाने माणसांच्या अंगावर काय उठतं ते पुणेकरांना सांगायला नको. आम्ही तिचा फिरण्याचा रस्ता बदलला. बाहेरून आल्यावर पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे करतो. रोज. दर आठवड्याला सौम्य, बिनवासाच्या शॅम्पूची आंघोळ, आणि जुलै ते ऑक्टोबर त्याऐवजी औषधी. डॉक्टरांची गोळी वेगळी चालू आहे. घुंगरू अजून वाजतं, आठवड्यातून एखाद्या रात्री. पूर्वी रोज वाजायचं.

थांबू नये अशी लक्षणं

खाजवून ओली, पूवाळलेली चकती काही तासांत पसरत असेल, चेहरा सुजला असेल, गांधी उठल्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि एक लक्षण फार थोड्या लोकांना माहीत असतं. आंघोळीनंतर एक-दोन दिवसांत कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला की ते कळवळतं, ताप येतो, खात नाही, पाठीच्या केसांत दुखरे फोड. ही केसांच्या मुळांत खोलवर गेलेली जिवाणूंची लागण असते, आणि बऱ्याचदा तिचं मूळ दूषित झालेल्या शॅम्पूत सापडतं. पाणी घालून पातळ केलेला शॅम्पू जुन्या बाटलीत आठवडाभर ठेवला की त्यात स्यूडोमोनास नावाचे जिवाणू मजेत वाढतात. वर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या बाटलीची भीती म्हणाले ती हीच. दिसतं अ‍ॅलर्जीसारखं, म्हणून लोक आणखी एक आंघोळ घालतात. घालू नका, घासू नका, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.

मी शॅम्पू मगात लागेल तेवढाच पातळ करते. औषधी असेल तर लेबलवर सांगितलं असल्याशिवाय पातळ करतच नाही. उरलेलं त्याच वेळी ओतून देते, आणि तो मग धुऊन गॅलरीत उन्हात पालथा घालते. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहिलेली असते. खिडकीत आता दोनच बाटल्या आहेत.